उकळलेली नळी

नवऱ्याच्या रक्तातून जनुक काढून तिने ते जिवाणूंमध्ये घातलं होतं, आणि जिवाणूंनी तिला साखर फोडणारं माणसाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करून दिलं होतं. आता शेवटची पडताळणी उरली होती. एक नळी तशीच ठेवायची, दुसरी उकळायची. साखर फुटू लागली की पडद्यावरची रेषा चढते; उकळलेलं विकर मरतं, म्हणून त्या नळीची रेषा आडवीच राहायला हवी.

रेषा चढत होती.

आपलीच काही चूक झाली असेल म्हणून तिने नवी नळी घेतली आणि समोर उभं राहून चांगली खळखळ उकळली. रेषा पुन्हा चढली, आधीपेक्षा जोमाने.

तेवढ्यात नवरा तिला न्यायला आला. "काय गं, तोंड का उतरलंय?"

"तुझं विकर मरतच नाहीये."

"माझंच ना? मग चिवट असणारच." हसत त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा गारवा एप्रनमधून आत उतरला.

"बाहेर थंडी आहे का रे?"

"छे, चांगलं उकडतंय."

थट्टेत धरावं तसं तिने त्याचं मनगट धरलं. बोटं इकडे सरकवली, तिकडे सरकवली. नाडी कुठेच लागत नव्हती.

त्याच्या पाठीमागे पडद्यावरची रेषा चढतच होती.

"निघायचं ना?" तो म्हणाला.