खंडेनवमीचा लेथ

प्लास्टरचा हात गळ्यात अडकवूनच मी खंडेनवमीला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिरले. शेखरसर लेथ मशीनचं प्लास्टिकचं कव्हर काढून त्याला झेंडूचा हार घालत होते. "ये दिव्या! चाकणची कंपनी काय म्हणते?" "पहिल्याच आठवड्यात हाकललं, सर. लेथच्या चकमध्ये लोखंडाचा तुकडा आवळला, आवळायची किल्ली तिथंच राहिली, मी बटण दाबलं. किल्ली उडून हातावर बसली." सर तडकले. "अगं, किल्ली आधी काढायची, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं!" "लिहून दिलंत. मी पाठ करून पैकीच्या पैकी मार्क घेतले. हाताला सवय कोणी लावायची? आत्ता लेथ चालवून दाखवा." "आज नाही. आज मशीनला विश्रांती असते." मी लेथमागची वायर ओढली. ती कुठंच जोडलेली नव्हती. कारखान्यातून आली तशी दोरीनं बांधलेली. तिचं वेटोळं मी पूजेच्या ताटात आपटलं. "सर, विश्रांती दमलेल्याला देतात."