दोन पाकळ्या

“म्हणजे पोरीला कुठलं औषध मिळंल, ते तुमाला पण ठावं नाय?” गंगारामने तिसऱ्यांदा विचारले.

“नाही,” डॉ. दमयंती सुर्वे तिसऱ्यांदा म्हणाल्या.

“येवढं शिकून?”

रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात, बाकावर, त्याची सात वर्षांची बकुळा झोपली होती. तिचा रक्ताचा कर्करोग मुंबईच्या उपचारांनी एकदा हटला होता. अकरा महिन्यांनी, १९८६ च्या मार्चमध्ये, तो परतला. अशा मुलांसाठी मुंबईच्या रुग्णालयात एक चाचणी सुरू होती. निम्म्यांना जुनी औषधे, निम्म्यांना त्यांच्या जोडीला एक नवे. कोणाला काय, हे बंद पाकीट ठरवणार होते.

“नवं चांगलं आसंल तर सगळ्यांनाच द्या की.”

“चांगलं आहे का, तेच शोधायचं आहे. वाईटही असू शकेल.”

गंगाराम गोंधळला. पालीच्या एका वैद्याने महिन्याभरात गुण येण्याची हमी दिली होती. अट एकच, मुंबईची औषधे बंद. मुंबईला गिरणीत असलेल्या भावाने पत्रात नवे औषध रामबाण असल्याचे लिहिले होते. सगळ्यांना ठाऊक होते. फक्त डॉक्टरांना नव्हते. त्याने दोन दिवस मागितले.

तिसऱ्या दिवशी तो मुलीला घेऊन आला.

“देवाला कौल लावला. पोरीला तुमच्या चाचणीत घालू का, म्हणून.”

दमयंतीबाईंनी पेन खाली ठेवले. गुरव देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यात ओलावा, वजन आणि वारा यांखेरीज त्यांना कधी काही दिसले नव्हते. त्यावर एका मुलीचा जीव टांगलेला पाहून त्या संतापल्या.

“कुठली पडली?”

“कुठलीच नाय. दुपारपातूर बसलो. गुरव म्हणाला, पुन्ना लावू. मी म्हटलं, नको.”

“मग वैद्याकडे जाणार?”

गंगारामने नकारार्थी मान हलवली. शाईच्या पेटीवर अंगठा दाबला आणि संमतीपत्र स्वतःकडे ओढले.

“देवाला पण ठावं नाय, डाक्टरीणबाय,” तो म्हणाला. “पण तो पण तुमच्यासारखाच. खोटं नाय बोलला.”