दहा पावलं

“उद्या चालवा ह्यांना, आज नको,” असं म्हणत मी पलंगाचा कठडा धरून ठेवला. बायपास होऊन तिसराच दिवस होता.

फिजिओथेरपीची मुलगी काही हटेना. “मावशी, सकाळीही हेच म्हणालात. काका नुसते पडून राहिले तर छातीत कफ भरेल. दारापर्यंत दहा पावलं, बस्स.”

तिला काय सांगू? बेचाळीस वर्षं हे घरातून निघताना “येतो गं” म्हणत आले. कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी. आणि परवा ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून ह्यांच्या तोंडून नेमकं निघालं, “जातो मी.” ऑपरेशन छान झालं म्हणे. पण ते दोन शब्द माझ्या मनातून जाईनात. आता ह्यांना नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

“बस तू,” हेच मला म्हणाले. मुलीने दिलेली उशी छातीशी कवटाळून थरथरत उभे राहिले. एक पाऊल टाकलं, थांबले, मग दुसरं. मी मागोमाग निघाले, तर मुलीने हातानेच मला थांबवलं. मी पुन्हा कठडा धरून उभी राहिले.

दाराशी ती म्हणाली, “शाब्बास काका! आता मागे फिरू या.”

“आलोच आहे तर बाहेर एक चक्कर मारू की.” ह्यांना धाप लागली होती. तसेच माझ्याकडे वळले. “येतो गं.”

“सावकाश या,” मी म्हटलं आणि कठडा सोडला.