आप्पांची बोलणी

पहिला दगड दर्शनाच्या पाठीत बसला, तेव्हा शोकसभेच्या मांडवात आप्पांच्या फोटोला हार घालणं चाललं होतं. दुसऱ्या दगडाने कान फाटला. तरी ती थांबली नाही. ओढणी कानाशी दाबून ती आत आली आणि शेवटच्या रांगेमागे जमिनीवर बसली.

"खुन्याच्या बहिणीला आत कोणी घेतली?" कोणीतरी ओरडलं.

"बसू दे," केबलवाला आनंदा म्हणाला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "तिच्या भावाने कोणाला मारलंन, ते ऐकू दे तिला."

हरिश्चंद्र आप्पा गावच्या केबलवर कबड्डीचं समालोचन करत. मैदानात त्यांचा आवाज नसे. आनंदाच्या खोलीत एकटे बसून, कॅमेऱ्यातून थेट येणारा सामना छोट्या पडद्यावर बघत ते माइकमध्ये खेकसत, आणि घराघरांत माणसं पोट धरून हसत. बंदरापासून वरच्या वाडीपर्यंत आप्पांची बोलणी न खाल्लेलं घर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती सगळ्यांना गोडच लागत. एक दर्शनाचा भाऊ केरू सोडून.

उपांत्य सामन्यात आप्पा म्हणाले होते, "या केरूला काढा आणि त्याच्या जागी खांब पुरा. खांबाला निदान कोणी अडखळेल तरी!" झालं, दुसऱ्या दिवसापासून गाव केरूला खांब म्हणू लागलं. केरूने भर मच्छीबाजारात सांगितलं, "म्हाताऱ्याची जीभ हासडून ठेवीन."

काल अंतिम सामन्याचं चित्रण संपवून आनंदा मैदानातून खोलीवर आला, तर आप्पा जमिनीवर पडलेले. लोखंडी स्टुलाने डोकं फोडलेलं, माइकची वायर गळ्याभोवती आवळलेली. मध्यंतराच्या सुमारास केरूला त्याच गल्लीतून कोयती घेऊन पळताना दोघांनी पाहिलं होतं. लोकांना तेवढं पुरलं. पोलीस येईपर्यंत त्यांनी केरूला लाथांनी तुडवलं. त्याचा जबडा मोडला. आता तो इस्पितळात होता आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्याच्या कोयतीला रक्त नव्हतं, काळ्या प्लास्टिकचा कीस तेवढा चिकटला होता. पण जमाव चेकाळल्यावर पातं कोण बघत बसतो?

सभा आटोपली की इस्पितळात घुसायचं आणि केरूचा निकाल लावायचा, असं ठरलं होतं. खुर्च्यांखाली काठ्या ठेवलेल्या दर्शनाला दिसत होत्या. म्हणूनच ती आली होती. पाया पडून, पदर पसरून, कसंही करून तिला या माणसांना इथेच अडवायचं होतं.

काशीराम उठला. एके काळचा नावाजलेला चढाईपटू, आता गुडघे गेलेला. "मला म्हणाले, 'काशी, चढाईला आलायस की लग्नाची आमंत्रणं वाटायला?' मी चिडलो. पुढच्या चढाईत तिघांना बाद करून आलो. तर म्हणतात कसे, 'आमंत्रणं पोचली, पण उशिरा!'"

मांडव हसला. हसता हसता बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"काल माझ्या विनीतला पहिल्याच पकडीला झापलानी," मनिषा म्हणाली. "'अलगद काय धरतोस मेल्या? माणूस आहे तो, हापूस नव्हे!'"

म्हाताऱ्या कमळाकाकू कशाबशा उठल्या. "आमचे हे गेल्यापासून माझ्यावर ओरडणारं घरात कोणी नाय. आप्पांचा आवाज लागला की घरात बाप्या माणूस असल्यासारखं वाटायचं गो."

दर्शना उठली. "माझं ऐका. केरू चिडका आहे, पण माणूस मारणारा नाय. तो बोलेपर्यंत तरी..."

काठी तिच्या गुडघ्यावर बसली. ती कोसळली. दुसरी खांद्यावर पडली, आणि हाडाचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत गेला.

"गप ऱ्हा! भावाची तिरडी बांधायला ताकद ठेव."

"थांबा!" सर्वेश पुढे आला. चार ट्रॉलरांचा मालक, काल हरलेल्या संघाचाही मालक. "बाईमाणसावर हात टाकू नका."

लोक बाजूला झाले. सर्वेशला गावात मान होता. आपली नजर लागून आपला संघ हरतो, अशी त्याची ठाम समजूत. म्हणून संघावर एवढा खर्च करूनही तो मैदानाकडे फिरकत नसे. गाव त्याची यावरून चेष्टा करी आणि तोही हसून घेई.

त्याने फोटोला हात जोडले. "काल सामना संपता संपता आप्पा मला काय बोलले, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. मग आता लपवायचं कशाला? 'सर्वेशने कपडे मुंबईचे आणले, बूट मुंबईचे आणले, खेळाडू तेवढे आणायला विसरला. त्याने संघ मोडावा आणि कोंबड्या पाळाव्यात!'"

तो मांडवाकडे वळला. "घरी टीव्हीसमोर बसून ऐकलं मी. अंगाची लाही झाली. मग वाटलं, बापानेच कान धरला. असा माणूस ज्याने मारला, त्याला आज जिवंत सोडायचं नाय!"

तो थांबला. एकही काठी वर आली नाही. काशीराम मनिषाकडे बघू लागला, मनिषा आनंदाकडे. दर्शनाने जमिनीवरून मान उचलली.

कमळाकाकूंनी चष्मा सारखा केला आणि अगदी भाबडेपणाने विचारलं, "तुझ्याकडे केबल चालू होती, बाबा? गावात तर कालच्या मध्यंतरापासून सगळ्यांचीच बंद आहे."