गणसंख्या

खुर्च्या कमी पडल्या तेव्हा हेमलताताईंना आधी हसू आलं, मग राग. संग्रहालय मित्रमंडळाच्या त्या अकरा वर्षं चिटणीस. नगरपालिकेने रखवालदार काढून घेतल्यापासून रविवारी दारही त्याच उघडत. दर वर्षी वार्षिक सभा गणसंख्येअभावी तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासाने चौघांत उरकायची. यंदा वैतागून त्यांनी नोटिशीत एकच विषय घातला होता: मंडळ बंद करणे. तर झाडून सगळे सभासद हजर.

"मंडळ मोडलं तर पुढची पिढी आपल्याला माफ करणार नाही," निवृत्त मुख्याध्यापक माईणकर सर गहिवरून म्हणाले. चार वर्षांत ते संग्रहालयाकडे फिरकले नव्हते. हात वर करून ठराव फेटाळला गेला. टाळ्या पडल्या.

"मग रविवारी दार कोण उघडणार?" ताईंनी किल्ली टेबलावर ठेवली.

जो तो आपापली पिशवी आवरू लागला. शेवटी माईणकर सरांनी किल्ली उचलली आणि सत्काराचा नारळ द्यावा तशी, दोन्ही हातांनी, ताईंच्या हातात दिली.

"तुम्ही आहात म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत."

या टाळ्या सगळ्यांनी उभं राहून वाजवल्या. तसेही ते निघायलाच उठले होते.