राजाच्या कोटाची कंबर

शिंप्याने राजाच्या कोटाची कंबर दोन बोटं आत घेतली होती, आणि हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. रंगीत तालीम सुरू व्हायला आली होती.

"पोट आत घ्या, महाराज," तो म्हणाला आणि गुडघा टेकवून त्याने शेवटचा हूक ओढून अडकवला.

"जाड झालो का हो, मास्तर?"

"वय आहे. व्हायचंच."

राजाने आरशात बघून मान हलवली. ऑपेरा कंपनीत त्याला सगळे तळघर म्हणत, कारण इतरांचे गळे जिथे संपत तिथून याचा खाली जायचा जिना सुरू व्हायचा. असल्या खर्जाच्या नशिबी राजे, पुजारी, म्हातारे बाप, नाहीतर सैतान. नायिका नेहमी त्या उंच आवाजाच्या पोरगेल्या नायकाच्या गळ्यात पडायची. शिंपी बरीच वर्षं यावरच स्वतःची समजूत घालत आला होता. पण त्याची बायको काही नायिका नव्हती. ती कोरसमध्ये होती.

ती सगळ्यांना दादा म्हणायची. सुताराला दादा, दिवेवाल्याला दादा, नायकालासुद्धा दादा. तळघराला मात्र, "अहो, ऐका ना." घरात ती शिंप्यालाही हेच म्हणायची, आणि ते फक्त आपलं आहे अशी त्याची कल्पना होती. परवा इस्त्री करता करता त्याने सहज खालच्या पट्टीत गुणगुणून बघितलं. "घसा बसलाय का तुमचा?" तिने आतून विचारलं. "पाणी गरम करू?"

आता तो विंगेत टाचण्यांची डबी घेऊन उभा होता. नायकाने जाता जाता एक सूर छपराला नेऊन लावला. दिवेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्टीही मारली. मग रंगमंच रिकामा झाला. पोराला देशोधडीला लावणारा राजा एकटा सिंहासनावर बसला, आणि मागे एक दासी. ही दासी शिंप्याची बायको. दिग्दर्शकाने तिला हात जोडून उभं राहायला सांगितलं होतं. तिने हात सिंहासनाच्या पाठीवर ठेवला. रोज ठेवायची. का, ते शिंप्याला कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणून जास्तच जळत होतं.

राजा गाऊ लागला. एकेक पायरी सावकाश उतरत तो शेवटच्या शब्दापाशी आला. इथे त्याला छातीभर श्वास घ्यावा लागायचा. शिंप्याने दात आवळले. तुटू दे. एकदाच सगळ्यांसमोर याचा सूर तुटू दे, म्हणजे तिचे कान उघडतील.

राजाने श्वास घेतला. कोट ढिम्म हलला नाही. राजाने पोटाने त्याला रेटा दिला, आणि सूर लागला. नेहमीच्या जागी लागला, तिथे थांबला, आणि मग आणखी खाली उतरला. तो खालचा सूर स्वरलिपीत कंसात होता, जमला तर घ्या म्हणून. तळघराने तो कधीच घेतला नव्हता. शिंप्याच्या हातातल्या टाचण्या किणकिणल्या. पाठीमागे झाडणारी बाई झाडू उभा धरून थांबली. टाळी कुणीच वाजवली नाही, सुचलीच नाही कुणाला.

सूर संपला. बायकोचा हात सिंहासनावरून उठला नाही. शिंपी बघत राहिला. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तो असा.

तालीम संपल्यावर तो शिवणाच्या खोलीत येऊन बसला. पाठोपाठ राजा आला, अंगात तोच कोट. त्याच्यामागे बायको, डोक्यावरची दासीची टोपी सोडवत.

"मास्तर, काय केलंत या कोटाला?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. मखमलीत जुन्या टाक्यांची भोकं तशीच राहतात, आंधळ्यालाही लागतील.

"कंबर आत घेतलीय," तो म्हणाला. "दोन बोटं."

"धन्य तुमची!" राजाने त्याला मिठीच मारली. "दमाला टेकायला भिंत मिळाली हो. इतकी वर्षं मी नुसता हवेत गात होतो. पुजाऱ्याचा झगा, सैतानाचा अंगरखा, सगळं असंच करून द्या मला."

"बघा," बायको म्हणाली. "माझ्या झग्याची काख कधीची उसवलीय. सांगून सांगून थकले. त्यांचा कोट मात्र न सांगता झाला."

ती दोघांकडेही बघत नव्हती. टोपीचा बंद तिने ओढून तोडला.

"माप गातानाच घ्या," राजा म्हणाला आणि कोट काढून हात पसरून उभा राहिला. शिंप्याने मागून टेप गुंडाळली, पोटापाशी दोन्ही टोकं चिमटीत धरली. राजाने श्वास भरला आणि तो कंसातला सूर लावला.

टेप थरथरली. ती थरथर शिंप्याच्या बोटांतून मनगटात आली, कोपरात आली, तिथून छातीत जाऊन फासळ्यांशी थांबली. शिंप्याने डोळे मिटले.

"अहो," दारातून बायको म्हणाली. "माप झालं असेल तर सोडा आता त्यांना."

माप केव्हाच झालं होतं. सूरही संपला होता. शिंप्याने टेप आणखी थोडी घट्ट धरली.