नाव कुणी दिलं?

"माझ्या पोरीचं नाव कुणी दिलं, तेवढं सांगा," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. समोरचा फॉर्म त्यांनी पालथा घातला होता आणि वर कोपर रोवलं होतं. अंगात बस डेपोचा खाकी गणवेश तसाच होता. दोन फेऱ्यांच्या मधल्या तासाभरात त्या तडक शाळेत आल्या होत्या.

शाळेच्या समुपदेशक वयाने लहान, आवाजाने मऊ. त्यांनी तिसऱ्यांदा समजावलं. ही नुसती प्राथमिक चाचणी, ऑटिझमची लक्षणं दिसतात का एवढंच बघायचं. एक फॉर्म वर्गशिक्षिका भरतात, एक पालक. निदान पुढे डॉक्टर करतात, तेही गरज पडली तर. चाचणीसाठी पोरीचं नाव कुणी दिलं ते मात्र त्या काही केल्या सांगेनात.

ड्रायव्हरबाईंना हा मऊ आवाज ओळखीचा होता. बायकांना गाडी झेपत नाही, हे डेपोनेही त्यांना असंच गोड बोलून सांगितलं होतं. सात वर्षं तिकिटं फाडली आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून स्टिअरिंग मिळवलं. आता कुणीतरी त्यांच्या पोरीवर शिक्का मारायला निघालं होतं. आणि पोरगी तरी कशी? पाचवीत गेली तरी तिच्या असण्याची चाहूल लागत नाही, म्हणून घरीदारी सगळे तिला मुंगी म्हणायचे. हट्ट नाही, आरडाओरडा नाही. पाहुणे आले की हसून बोलणार. आत्ताही ती भिंतीजवळच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती.

वर्गशिक्षिकेला बोलावलं. संशय तिच्यावरच होता, त्यामुळे ड्रायव्हरबाई बाह्या सरसावून बसल्या. पण बाईंनी भरून आणलेला फॉर्म बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. गोंगाट सहन होत नाही? कधीच नाही. हात झटकते, अंग डोलवत राहते? कधीच नाही. ठरलेलं बदललं की कोलमडते? कधीच नाही. वीसच्या वीस उत्तरं तीच. अशी चाळीस पोरं मिळाली तर माझा घसा जन्मात बसणार नाही, असंही बाई वर म्हणाल्या.

ड्रायव्हरबाई उठल्या. विषय संपला, नकाराची सही कुठे करायची ते दाखवा, म्हणाल्या.

"नाव मी दिलं," मुंगी म्हणाली.

तिघी वळून बघायला लागल्या. मुंगी कुणाकडेच बघत नव्हती. ती उठली. वर्गात या चाचणीची माहिती दिली, त्याच दिवशी आपण समुपदेशक बाईंच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली, असं तिने एका दमात सांगितलं. कुणाला सांगू नका, असंही चिठ्ठीत लिहिलं होतं. हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं, असं आईने दरडावून विचारलं. मुंगीने पालथा फॉर्म सुलटा केला आणि आईपुढे सरकवला.

"आई, तू माझ्यासाठी सगळ्यांशी भांडतेस ना? मग हा भर."

"अगं, पण वर्गात तू असलं काहीच करत नाहीस," वर्गशिक्षिका म्हणाल्या.

"वर्गात नाही करत, बाई. मधल्या सुट्टीत संडासात जाते, कडी लावते, आणि तिथे हात झटकते, डोलते. मग तोंड धुऊन परत येते. रोज."

फेरीची वेळ झाली होती, पण ड्रायव्हरबाई खाली बसल्या. पेन हातात घेतलं. पहिलाच प्रश्न त्यांनी दोनदा वाचला आणि पेन तसंच अडलं. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती.

"घरी तर मी तुला असं करताना कधीच बघितलं नाही गं," त्या हळूच म्हणाल्या.

"घरी पण कडी आहे," मुंगी म्हणाली.